फिनिक्सच्या उन्हाळ्यासाठी घरचा एसी: कॅरियर, ट्रेन की लेनॉक्स? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अॅरिझोनात, उत्तर फिनिक्सला राहतो. घर 2004 सालचं, दुमजली, साधारण 2600 चौरस फुटांचं. खालच्या आणि वरच्या मजल्याला एसीच्या वेगवेगळ्या सिस्टिम आहेत. खालची आधीच्या मालकांनी बदलून घेतली होती, ती व्यवस्थित चालते. वरची साडेतीन टनांची हीट पंप सिस्टिम (उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम करणारी) मात्र घराइतकीच जुनी आहे, आर-22 या जुन्या शीतक गॅसवाली, आणि तिने आता हात टेकलेत. कॉम्प्रेसर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात आणि कॉइलच्या सांध्यांवर तेलाचे डाग दिसतात, म्हणजे गळती आहेच. अमेरिकेत आर-22 चं उत्पादन आणि आयात 2020 पासून बंद आहे. जुन्या साठ्यातला महागडा गॅस गळक्या कॉइलमध्ये भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तेव्हा बदलायची हे ठरलंय, कोणती घ्यायची यावर घोडं अडलंय.

मे महिन्यात अकोल्याहून आई-बाबा येताहेत आणि यंदा पूर्ण उन्हाळा आमच्याकडे राहणार आहेत. बाबांचं वय 76, बीपीची आणि लघवी जास्त होण्याची अशा दोन्ही गोळ्या चालू. डॉक्टरांनी उष्णतेपासून जपायला बजावून सांगितलंय. त्यांची खोली वर, पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. मागच्या जुलैत थर्मोस्टॅट 76 वर असताना त्या खोलीत संध्याकाळी पाच वाजता 84 फॅरनहाइट असायचं. भिंतीला हात लावला तरी ऊब जाणवायची. तिथे त्यांना झोपवायला माझं मन तयार नाही.

बाबा फोनवर म्हणतात, "अकोल्याचा माणूस मी, मला काय ऊन दाखवतेस!" पण अकोल्यात जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो. इथे 2023 मध्ये 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सियस, किंवा त्याहून वर गेला होता. त्याच जुलैत एका पहाटे किमान तापमान 97 होतं, म्हणजे 36 सेल्सियस. भिंती रात्रीसुद्धा निवत नाहीत. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली. त्यांतली बरीच वयस्कर होती, आणि घरात गेली त्यांच्यातल्या बहुतेकांकडे एसी होता पण बंद पडलेला. म्हणून मला गारव्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, यंत्र भर जुलैत बंद न पडण्याची काळजी आहे.

कूलर सुचवाल म्हणून आधीच सांगते. आमच्याकडे ताट्यांच्या कूलरवर पिढ्या निघाल्या, त्याची किंमत मला कळते. फिनिक्सच्याही जुन्या घरांच्या छतांवर कूलर दिसतात, आणि मे-जूनच्या कोरड्या हवेत ते छान चालतात. पण जुलैत इथला मान्सून आला, हवेत दमटपणा आला की त्यांचा जोर संपतो, आणि नेमकी तेव्हा रात्रही तापलेली असते.

तर तीन कॉन्ट्रॅक्टरांकडून कोटेशन घेतलीत, तिन्ही हीट पंपाची:

पहिलं, कॅरियर इन्फिनिटी, व्हेरिएबल स्पीड (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी). सर्वांत महाग, 20 हजार डॉलरच्या जरा वर.
दुसरं, ट्रेन कंपनीची व्हेरिएबल स्पीड, पहिल्यापेक्षा हजारभराने कमी.
तिसरं, लेनॉक्सची टू-स्टेज (कमी आणि पूर्ण अशा दोनच पातळ्यांवर चालणारी), साडेचौदा हजार.

फेडरल टॅक्स क्रेडिट 31 डिसेंबर 2025 ला संपलं, त्यामुळे तिथून आता काही मिळणार नाही. म्हणजे महागडी सिस्टिम घ्यायची तर सगळा भार आपल्यावर.

इंटरनेटवर तुलना भरपूर सापडतात, पण त्या वाचून माझं समाधान होत नाही. सगळे सीअर-2 च्या, म्हणजे यंत्र किती कमी विजेत गार करतं त्याच्या आकड्यावर भांडतात. तो आकडा सगळ्या मोसमाची सरासरी धरून काढतात आणि त्यात 82 फॅरनहाइटच्या चाचणीला मोठं वजन असतं. बाहेर 82 असतं तेव्हा आम्ही खिडक्या उघडून बसतो! ईईआर-2 हा तसाच दुसरा आकडा निदान 95 अंशांवर मोजतात, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो. अॅरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया या राज्यांत एसीसाठी ईईआर-2 ची वेगळी किमान अट आहे, ती उगाच नसणार. पण 115 ला काय? यंत्रावर लिहिलेले टन, म्हणजे गार करण्याची क्षमता, 95 अंशांचे. बाहेर जितकं तापतं तितकी क्षमता घटते आणि नेमकी तेव्हाच घराची गरज वाढते.

व्हेरिएबल स्पीडची जी मोठी स्तुती होते, की हळूहळू चालून हवेतला दमटपणा काढते, ती ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासाठी शंभर टक्के खरी असेल. इथे मे-जूनमध्ये हवेत काढायला दमटपणा असतो कुठे? दुसरीकडे, आमचं वीजबिल एपीएस या इथल्या वीज कंपनीचं आहे, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 4 ते 7 महाग दर. चारच्या आधी घर गार करून ठेवायचं आणि मग यंत्र मंद चालवायचं, यात व्हेरिएबलचा फायदा दिसतो. पण जुलैत संध्याकाळी पाचला कोणतंही यंत्र मंद चालेल का, ही मला खरी शंका आहे.

माझे प्रश्न:

1. फिनिक्स, टूसॉन, लास वेगास किंवा आखातात राहणाऱ्यांनी सांगा, व्हेरिएबल स्पीडवर पाच-सहा हजार डॉलर जास्त घालावेत का?
2. धुळीच्या वादळांनंतर बाहेरची कॉइल धुवावी लागते. ट्रेन कंपनीची स्पाइन फिन कॉइल, म्हणजे ब्रशसारखे केस असलेली, या धुळीत कशी टिकते?
3. तिघांपैकी एकानेच खोल्या आणि खिडक्या मोजल्या. बाकी दोघांनी जुन्या युनिटची पाटी पाहून "साडेतीन टन, चार करून टाकू" म्हटलं. हे असंच चालतं का?
4. नव्या यंत्रांतला आर-454बी गॅस सहज मिळतो का?

ब्रँडची भक्ती नको, अनुभव हवेत. आगाऊ आभार.

मेसाकर:

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या 84 अंशांचं उत्तर तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे. ज्याने खोल्या मोजल्या त्याला धरून ठेवा. त्याला 'मॅन्युअल जे' या इथल्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे खोलीवार उष्णतेचा हिशोब मागा. बाकी दोघांनी चार टन सुचवलं ते हिशोबाशिवाय. यंत्र मोठं झालं आणि डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारे नळ, तेच राहिले तर पश्चिमेच्या खोलीत हवा पूर्वीइतकीच येणार, फक्त आवाज वाढणार.

तुमचे डक्ट ॲटिकमधून, म्हणजे छताखालच्या माळ्यातून जात असतील. जुलैत दुपारी आमच्या ॲटिकमध्ये 140 फॅरनहाइटच्या वर जातं. सर्वसाधारण घरात डक्टमधून 20 ते 30 टक्के हवा गळते असं एनर्जी स्टार या सरकारी वीजबचत कार्यक्रमाचे लोक सांगतात. म्हणजे पैसे देऊन गार केलेली हवा भट्टीतून नेऊन अर्धवट तिथेच सांडायची. डक्ट लीकेज टेस्ट आणि स्टॅटिक प्रेशर (डक्टमधला हवेचा दाब) दोन्ही लिहून मागा. आमच्याकडे रिटर्न ग्रिल, म्हणजे खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणारी जाळी, छोटी होती, ती मोठी केली आणि डक्ट सील केले, तेव्हा जुन्याच यंत्रावर मागची खोली सुधारली. यंत्र त्यानंतर बदललं.

कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या साइटवर फुकट तपासता येतं, तक्रारीही दिसतात. आणि सिटीची परमिट काढणार का ते आधी विचारा.

दुबईहून_नाना:

आमच्याकडे यंत्राच्या पाटीवर टी-1 आणि टी-3 अशा दोन क्षमता लिहिलेल्या असतात. टी-1 म्हणजे बाहेर 35 सेल्सियस, टी-3 म्हणजे 46. इथे माणूस टी-3 बघूनच घेतो. तुमचं 35 म्हणजेच 95 फॅरनहाइट आणि 46 म्हणजे 115. अमेरिकेत पाटीवर ते नसतं, पण प्रत्येक कंपनी 105, 115 फॅरनहाइटच्या क्षमतेचे तक्ते प्रसिद्ध करते. कॉन्ट्रॅक्टरकडून ते पान मागून घे बाळा, बाहेरचं आणि आतलं युनिट दोन्हींच्या नेमक्या मॉडेल नंबरचं. पाटीवर सारखे टन असलेल्या दोन यंत्रांचे 115 चे आकडे वेगळे निघतात. पैसे त्या आकड्याला दे, नावाला नको.

बाबांना सांग, अकोल्याचा असलास तरी दुपारी बाहेर पडू नकोस. मी जळगावचा आहे, मलाही हे उशिराच पटलं.

शीतयंत्र_अभियंता:

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

व्हेरिएबल स्पीडबद्दल तुमची शंका योग्य आहे. 115 ला तिन्ही यंत्रं पूर्ण वेगाने पळणार. तिथे व्हेरिएबलची बचत जवळपास उरत नाही. तिचा फायदा रात्री, पहाटे, आणि एप्रिल-मे, ऑक्टोबरमध्ये. भर उन्हाळ्यात फिनिक्सच्या रात्री 90 च्या आसपास असतात, तेव्हा ती मंद वेगाने सलग चालते, खोल्याखोल्यांतला फरक कमी होतो, आवाज कमी. म्हणजे फायदा आहे, पण तो आरामाचा जास्त आणि बिलाचा कमी. तुम्ही एपीएसच्या डिमांड चार्जवाल्या प्लॅनवर असाल तर हिशोब बदलतो, कारण तिथे महाग वेळेतल्या सर्वांत जास्त वापराच्या एका तासावर आकार लागतो. तसा प्लॅन असेल तर व्हेरिएबलकडे झुकायला कारण आहे.

तोटा हा, की व्हेरिएबलचा वेग सांभाळणारा इन्व्हर्टर बोर्ड बाहेर उन्हात असतो. इलेक्ट्रॉनिक्सला उष्णता मानवत नाही. टू-स्टेजमध्ये जुलैत बहुतेक वेळा कपॅसिटर किंवा कॉन्टॅक्टर हा विजेचा साधा सुटा भाग जातो. तो प्रत्येक व्हॅनमध्ये असतो, अर्ध्या तासात बदलतात. व्हेरिएबलचा बोर्ड गेला तर तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लागतो. थर्मोस्टॅटही कंपनीचाच. तेव्हा प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला हे विचारा: "जुलैच्या शनिवारी बोर्ड गेला तर तो गावात कुठल्या गोदामात आहे?" ज्याला उत्तर देता येईल तो चांगला. बाहेरचं युनिट पश्चिमेला असेल तर जागा बदलता येते का तेही पाहा, आणि सर्ज प्रोटेक्टर नक्की लावा. मान्सूनमध्ये विजा पडतात.

दमटपणाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कोरड्या हवेत प्रतिटन जास्त हवा खेळवली तर यंत्राची शक्ती हवा गार करण्यात जास्त लागते. 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) प्रतिटन हा सर्वसाधारण आकडा, इथे 450 पर्यंत नेतात. पण डक्ट तेवढी हवा झेलणारे हवेत, मेसाकर म्हणतात तसं.

स्पाइन फिन: बाकी कॉइलवरचे पातळ पत्र्याचे फिन वाकतात तसे ते वाकत नाहीत, पण आत धूळ बसली की काढायला वेळ लागतो. पाण्याचा साधा पाइप घेऊन वरून खाली, हलक्या दाबाने धुवा. प्रेशर वॉशर कोणत्याच कॉइलला लावू नका.

गॅस: कॅरियर, ट्रेन, लेनॉक्स तिघेही आर-454बी वर गेले, डायकिन आणि गुडमन आर-32 वर. 2025 च्या उन्हाळ्यात 454बी च्या सिलिंडरांची टंचाई झाली होती. बसवणाऱ्याकडे साठा आहे का ते विचारायला काहीच हरकत नाही.

आणखी एक. ब्रायंट हे कॅरियरचंच भावंड आणि अमेरिकन स्टँडर्ड हे ट्रेन कंपनीचं. आतलं यंत्र तेच, कोटेशन कधीकधी कमी. वॉरंटीसाठी बसवल्यावर 60 ते 90 दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि ती सहसा पार्ट्सची असते, मजुरीची नाही.

टूसॉनची_सून:

ताई, माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात आमच्याकडे असतात, म्हणून मनापासून सांगते. मोठ्या सिस्टिमवर सगळे पैसे घालू नका. टू-स्टेज घ्या आणि उरलेल्यातून आई-बाबांच्या खोलीत 9 हजार बीटीयूचा, म्हणजे पाऊण टनाचा, डक्टशिवायचा मिनी-स्प्लिट (आपल्याकडचा भिंतीवरचा स्प्लिट एसी) लावा. मोठं यंत्र बंद पडलं तरी एक खोली गार राहते. आमच्याकडे तशी वेळ आली, सगळे त्या खोलीत सतरंज्या टाकून झोपलो. फक्त घेताना त्याची बाहेरच्या तापमानाची मर्यादा बघा. काहींची 115 लाच संपते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार. नाना, तुमचं ऐकून आजच तिघांनाही 115 चे तक्ते मागितले. दोघांकडून आले. लेनॉक्स टू-स्टेज आणि ट्रेन व्हेरिएबल यांच्या 115 च्या क्षमतेत एवढा फरक नाही की त्यासाठी एवढे जास्त पैसे मोजावेत. आमचा प्लॅन डिमांड चार्जवाला नाही, तेही बिलावर तपासलं.

मिनी-स्प्लिटची कल्पना यांना आणि मला दोघांनाही एकदम पटली. आता विचार असा: ज्याने खोल्या मोजल्या त्याच्याकडूनच टू-स्टेज साडेतीन टन, डक्टची टेस्ट आणि सीलिंग, मोठी रिटर्न ग्रिल, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सन स्क्रीन (ऊन अडवणारी जाळी), आणि बाबांच्या खोलीत मिनी-स्प्लिट. मोजणी करणारा टू-स्टेजवालाच आहे, त्यामुळे जुळवाजुळव सोपी झाली.

शेवटची एक शंका. मिनी-स्प्लिटचं बाहेरचं युनिट लावायला पश्चिमेची भिंत सोडली तर उत्तरेची आहे, पण तिथपर्यंत पाइपिंग साधारण 40 फूट होईल. उन्हातली जवळची भिंत बरी की सावलीतली लांबची? आणि पाइपवरचं इन्सुलेशन इथल्या उन्हात लवकर तडकतं असं ऐकलंय. त्यावर कोणतं आवरण टिकतं? कॉन्ट्रॅक्टर गुरुवारी येणार आहे, त्याआधी कोणी सांगू शकलं तर बरं होईल.