आजोबांचा वस्तरा सापडलाय, त्यानंच दाढी करायला शिकायचंय

गावभागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जुन्या जमान्यातला आहे, हसू नका.

घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आईनं आजोबांची लोखंडी ट्रंक धुतली, वाळवली आणि माळ्यावर टाकून दिली. या दिवाळीत माळा आवरताना ती उघडली. आत लगदा होऊन वाळलेलं पंचांग, एक अडकित्ता आणि मेणकापडात गुंडाळलेला वस्तरा.

आजोबा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. दिवसाआड सकाळी मागच्या दारी पायरीवर बसायचे, आरसा खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि स्वतःची दाढी स्वतः करायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन, पण तो खर्र खर्र आवाज अजून आठवतो.

पात्यावर 'सोलिंगेन' (जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं शहर) एवढंच वाचता येतं, पुढचं पुसलंय. पाठीकडे तांबूस डाग आहेत आणि धारेला लागून एके ठिकाणी टिकलीएवढा गंज. मूठ पिवळट, प्लॅस्टिकसारखी.

काल हौसेनं साबण लावून गालावर फिरवला. केस कापले नाहीत, नुसते ओढले गेले, आणि वर दोन ठिकाणी रक्त. ऑफिसात मांजरीचं नाव सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही.

तर हा वस्तरा कामाचा आहे का? गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो, त्याच्याकडे द्यावा का? आणि मुळात शिकायचं कसं?

नदीकाठचा

भावा, नव्या ब्लेडची पुडी घे आणि वस्तरा फ्रेम करून भिंतीला लाव. गाल एकदाच मिळतो.

कुपवाडचा फिटर

सायकलवाल्याला देऊ नकोस. बाकीचं नंतर वाच, पण हे आधी.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला सत्तावीस वर्षं आहे. ग्राइंडिंग हेच काम, त्यामुळं वस्तऱ्याची धार म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा माझा समज. जुन्या बाजारातून एक वस्तरा उचलला आणि सरळ बेंच ग्राइंडरला लावला. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. टोकाला निळी झाक आली. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, हे मी स्वतः पोरांना शिकवतो आणि तिथं उभं राहून मीच ते केलं. धार लागली, केस कापायलाही लागली, आणि दुसऱ्या दाढीला वळून गेली. तो वस्तरा आता बायको शिवण उसवायला वापरते. सायकलवाल्याचं चाक सुरी-कात्रीला ठीक आहे. वस्तऱ्याचं पातं मधे खोलगट घासलेलं असतं, धारेपाशी इतकं पातळ की नखावर दाबलं तर लवतं. त्याला चाक दाखवायचं नाही.

आता तुझा वस्तरा. पात्याची रुंदी मोज. वस्तऱ्याची रुंदी जगभर इंचाच्या आठव्या भागात सांगतात, म्हणजे आपल्या सुतातच. पाच सूत किंवा सहा सूत भरेल. धारेला लागून जो गंज म्हणतोस तोच खरा प्रश्न आहे. ओळखीच्या सराफाकडून भिंग आण आणि उजेडात बघ. वरवरची तांब असेल तर घासून जाईल. खड्डा पडला असेल तर धार त्या खड्ड्याच्या मागंपर्यंत घासत न्यावी लागेल, नाहीतर तिथून कपचे उडत राहणार. पाठीवरचे डाग राहू देत, ते आजोबांचे आहेत.

मूठ अंगठ्यानं जोरात चोळ आणि वास घे. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची. ती जुनी होऊन कुजायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या वाफेनं पातं गंजतं, मग कितीही पूस. सगळा दोष पुराला देऊ नकोस. तसं असेल तर मूठ बदलावी लागेल, आणि तोवर पातं उघडं ठेव, मुठीत मिटून ठेवू नकोस.

धार दगडावर लावायची, पाण्याच्या. यात एक गंमत आहे जी मला टूलरूममध्ये राहूनसुद्धा उशिरा कळली. वस्तऱ्याला कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची, कोन आपोआप येतो. पाठीची जाडी हाच त्याचा जिग, म्हणजे कोन धरून ठेवणारा साचा. बनवणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी सेटिंग करून ठेवलंय, आपण फक्त सपाट धरायचं. १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) धार बसवायची, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० वर फिनिश. दगडावर धार पुढं ठेवून ढकलायचं, आणि हाताचं वजनसुद्धा टाकायचं नाही. पण पहिला वस्तरा तू स्वतः लावू नकोस. ज्याला येतं त्याच्याकडून लावून घे. बोथट वस्तऱ्यावर शिकणारा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, आणि हात बिचारा बरोबर असतो. काल तुझं तेच झालं. केस ओढले गेले म्हणून तू दाबलास, दाबलास म्हणून कापलं.

दगडानंतर कातड्याचा पट्टा. तो रोज, दाढीच्या आधी. एक टोक खुंटीला, दुसरं हातात ताणून. इथं उलटं: पाठ पुढं, धार मागं. टोकाला गेल्यावर वस्तरा पाठीवर लोळवून वळवायचा, पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही. चाळीस-पन्नास फेऱ्या. घाई केलीस तर वळवताना धार आत घुसते आणि पट्ट्याला चीर पडते. सगळ्यांची पडते, म्हणून पहिला पट्टा महागाचा घेऊ नकोस.

आता दाढी. आंघोळ झाल्यावर कर, केस भिजून मऊ पडलेले असतात. पाण्याचं मात्र बघ. आमच्या कंपनीतलं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाचा फेस धरतच नाही, नुसती साय येते. मी महिनाभर साबण बदलत राहिलो. शेवटी घरून नळाच्या पाण्याची बाटली नेली तर तोच साबण दह्यासारखा घट्ट फुगला. फेस पातळ असेल तर वस्तरा सरकत नाही, अडखळतो.

पहिले आठ दिवस फक्त गाल. कानशिलापासून जबड्यापर्यंत, केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला. बाकीचा चेहरा रोजच्या रेझरनं. पातं आधी गालावर सपाट टेकव, मग पाठ साधारण दोन पाठींच्या जाडीएवढी वर उचल. अंदाजे तीस अंश झाले. दुसऱ्या हातानं कानापाशी कातडी वर ताणून धर, ताण नसेल तर काही खरं नाही. हात छोटे मार, इंचभराचे. आणि पातं कधीही आडवं सरकवायचं नाही. सुरीनं टोमॅटो कापतो तसं आडवं ओढलं की आपणच टोमॅटो. माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला पांढरी रेघ आहे, ती त्या शिक्षणाची फी. त्या दिवशी पहिल्या पाळीला तुरटी चोपडून गेलो होतो, आणि गेटवरच्या वॉचमननं बायकोच्या तब्येतीची चौकशी केली.

आवाज ऐक. तू खर्र लिहिलंयस ते बरोबर. कोन बरोबर असला की सुक्या पानांवर चालल्यासारखा बारीक आवाज येतो. आवाज गेला की थांब.

हनुवटी आणि ओठावरचा भाग शेवटी. महिना गेला तरी चालेल. उलटी दाढी तर विसरूनच जा.

राजवाडा सलून, सातारा

फिटरसाहेबांनी झकास लिवलंय. आमचं दुकान साताऱ्यात, वडलांपासनं. त्यांच्या वेळचा पोलादी वस्तरा अजून ड्रॉवरमधी आहे, पण गिऱ्हाइकाला तो लावत न्हाई. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं तर कावीळ, एड्स, काय काय. म्हणून आता ब्लेड मधनं मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात घालायचं आणि गिऱ्हाइकागणिक बदलायचं. तुमच्या दुकानदारानं तुमच्यासमोर ब्लेड मोडलं न्हाई तर उठून या, लाजू नका.

माझं मत जरा येगळं आहे. नवख्या माणसानं अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानंच सुरुवात करावी. दगड नको, पट्टा नको, धार रोज नवी. हात बसला की मग आजोबांचा काढा.

मला वडलांनी फुग्यावर शिकवलं. फुगा फुगवायचा, फेस लावायचा आणि न फोडता फेस काढायचा. पहिल्या दिवशी अकरा फुगे फुटले, प्रत्येक फुग्याला फेस डोळ्यात. मग वडलांनी त्यांच्या स्वतःच्या गालावर हात मारू दिला. फुग्यापेक्षा त्यो गाल फुटंल याचं भ्या जास्त वाटलं.

पुळी, तीळ, चामखीळ असंल तिथनं वस्तरा वळसा घालून न्या. आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असंल त्यांनी ह्या नादाला लागू नये.

कुपवाडचा फिटर

राजवाडावाल्यांना नमस्कार. गिऱ्हाइकाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण नवख्यानं अर्ध्या ब्लेडनं शिकावं हे मला पटत नाही. तो वस्तरा हलका, त्यात ब्लेड ताठ आणि धार कोरी. जरा कोन चुकला की माफी नाही. पोलादी वस्तऱ्याला वजन असतं, तोच काम करतो, आपण फक्त धरायचं. तुम्हाला तो सोपा वाटतो कारण तुमचा हात लहानपणापासून बसलाय.

राजवाडा सलून, सातारा

बरं, आसं म्हणता? आसंल. पण फुगा तरी फोडू द्या पोराला.

मिरजेची

धार लावून देणाऱ्यांचा विषय निघालाय म्हणून एक अवांतर. मिरजेत सतारी बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारी. १९ व्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांनी तंतुवाद्यं हातात घेतली, आणि आज मिरजेची सतार-तंबोरा सगळीकडे जातो. आता तिथं जाऊन वस्तरा पुढं करू नका, दीडशे वर्षं उशीर झालाय.

माझे वडीलही वस्तराच वापरायचे. पुसून झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्याला लावायचे. खोबरेल नाही, ते थंडीत थिजतं. वस्तरा कपाटात वरच्या कप्प्यात असायचा आणि आम्हा मुलांना त्या कपाटाला हात लावायची बंदी होती. घरात लहान मूल असेल तर हे आधी बघा.

गावभागकर

सहा आठवड्यांनी लिहितोय.

भिंगातून बघितलं, खड्डा फार खोल नव्हता. मुठीला कापराचा वास आला! एका ओळखीच्या सुतारानं शिसवीच्या दोन पट्ट्या काढून दिल्या, पितळी पिनांसकट. धार एका हौशी माणसाकडून लावून घेतली, त्यानं दोन रविवार घेतले. पाच सूत होता, घासून घासून आता थोडा कमी भरतो.

फुगेही फोडले. चार. पाचवा वाचला.

उजवा गाल जमला. डाव्या गालाला उजवा हात तोंडावरून आडवा जातो आणि आरशात काही दिसतच नाही, म्हणून डाव्या हातानं करायला लागलोय. आधी हसू येत होतं, आता बरं चाललंय. कानाच्या पाळीला एकदा टोक लागलं, कारण माझं सगळं लक्ष धारेकडे होतं आणि टोकाला विसरलो. पाळीतून रक्त किती येतं हो!

पट्ट्याला चीर पडलीय, दोन इंच, कडेला. टाकून देऊ का?

आणि आजीला आवाज ऐकू गेला. ती आतून म्हणाली, "पाणी कोमट घेतलंस का? ते गार पाण्यानं करायचे आणि मग दिवसभर चिडचिड करायचे."

कुपवाडचा फिटर

टाकू नकोस. चिरेचा वर आलेला ओठ बारीक पॉलिश पेपरनं घासून सपाट कर, आणि वस्तरा त्या कडेवरून नेऊ नकोस. अजून वर्षभर चालेल.

डावा हात सोडू नकोस. आणि टोकाला कानापाशी बोटानं झाक, निदान महिनाभर.