मदत हवी आहे: फूड कोर्टात ओल्या फरशीवरून आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. भरपाई कुठे आणि कशी मागायची?

वारजेकर
पुण्यातला मॉल. १२ दिवसांपूर्वी दुपारी आई (वय ६१) फूड कोर्टात नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून घसरली. 'फरशी ओली आहे' असा पिवळा बोर्ड नव्हता. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. बिल २,८०,०००, त्यातले २,१०,००० मेडिक्लेमने दिले. जेवणाचं बिल ६४० रुपये, माझ्या यूपीआयवरून भरलेलं. आई पोळीभाजीचे डबे करते, ते आता बंद आहेत. मॉलचा मॅनेजर म्हणतो, सफाई ठेकेदाराची, आमचा संबंध नाही. २५,००० देऊ करतोय, पण एका कागदावर सही हवी म्हणतो. काय करू?

दिवाणी_फौजदारी
सही करू नका. त्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असा शब्द असेल, तर पुढचा दावा तिथेच अडतो. पैसे घ्यायचेच असतील तर 'तात्पुरती मदत म्हणून, सर्व हक्क राखून' असं पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा.

पण त्याआधीचं काम सीसीटीव्हीचं, आणि ते आजच करा. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर १५ ते ३० दिवसांत नवं चित्रण चढतं. तुमचे १२ गेले. मॉल व्यवस्थापनाला ईमेल आणि स्पीड पोस्ट (पोच ठेवा), दोन्ही मार्गांनी कळवा: तारीख, वेळ, फूड कोर्टातली नेमकी जागा, घटनेच्या १ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंतचं चित्रण जपून ठेवा. आधीचा तास फार महत्त्वाचा. फरशी कधी पुसली, बोर्ड लावला होता का, किती वेळ ती तशीच होती, हे त्यातच दिसतं. पत्र पोचल्यावर चित्रण 'पुसलं गेलं' म्हणाले, तर ग्राहक आयोग त्यांच्याविरुद्ध अनुमान काढू शकतो. पत्रच नसेल तर हा मुद्दा उरत नाही.

त्याच पत्रात अपघात नोंदवहीतल्या नोंदीची आणि त्या दिवसाच्या सफाई तक्त्याची प्रतही मागा. त्यांची पब्लिक लायबिलिटी (बाहेरच्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणारी) विमा पॉलिसी आहे का, तेही विचारा. असेल तर तडजोड बरीच सोपी होते.

अस्थिरोग_विभाग
डिस्चार्ज कार्ड आत्ता उघडून बघा. 'पडण्याचं कारण' या रकान्यात गडबडीत 'घरी पडून' असं लिहिलेलं पुष्कळदा आढळतं. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. चूक असेल तर रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद झाली असेल तर तिची प्रत घ्या. मूळ बिलं मेडिक्लेमकडे गेली असतील तर रुग्णालयाकडून शिक्क्यासह प्रती घ्या. आणि आईच्या त्या दिवसाच्या चपला धुवू नका, टाकूही नका. 'तळ झिजला होता' हा बचाव ठरलेला असतो.

वारजेकर
चपला आहेत. कार्डावर फक्त 'पडून' लिहिलंय. भावाने पडल्यावर लगेच ३ फोटो काढले होते. ग्राहक आयोग की दिवाणी कोर्ट? बिल माझ्या नावावर आहे, मग ग्राहक मीच ना?

दिवाणी_फौजदारी
आईसुद्धा ग्राहक आहे. तुम्ही पैसे दिले आणि तुमच्या संमतीने तिने सेवा घेतली, एवढं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेसं आहे. म्हणून ६४० रुपयांची पावती आणि यूपीआयचा तपशील जपा. पावतीच नसेल तर 'हे ग्राहकच नाहीत' हा आक्षेप आधी येतो.

मी जिल्हा ग्राहक आयोगच सुचवेन. तिथे अधिकारक्षेत्र भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आई राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून २ वर्षं. समोरच्याला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये स्पष्ट केलं.

मॉल चालवणारी कंपनी, फूड कोर्ट चालवणारे आणि सफाईचा ठेकेदार, तिघांनाही प्रतिवादी करा. एकालाच धरलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायला बघतो. ठेका कोणालाही दिला असला, तरी गिऱ्हाईक चालतं ती जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी मॉलला झटकता येत नाही.

फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत, भावाच्या फोनमधली मूळ फाइल हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र सोबत जोडा. त्याचे अ आणि ब असे दोन भाग असतात, आणि ब भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. इथे पुष्कळ जण चुकतात.

दिवाणी दाव्यात वयस्कर व्यक्तीसाठी मोठा धोका आहे. १९७२ साली दिल्लीच्या एका हॉटेलच्या तलावात सूर मारताना एका जर्मन वैमानिकाच्या डोक्याला मार लागून तो लुळा झाला. १९७५मध्ये दावा केला, १९८५मध्ये तो वारला, १९९७मध्ये ५० लाखांचा निकाल लागला. अपिलात तो टिकला नाही, कारण शारीरिक इजेच्या भरपाईचा हक्क माणसाबरोबरच संपतो, असं ठरलं.

हिशेबनीस
रक्कम बाबवार मांडा. मेडिक्लेमने न दिलेले ७०,०००. आयाबाई, फिजिओ, वॉकर, रिक्षा: प्रत्येकाची पावती, आयाबाईची तारीखवार सही. डब्यांच्या बुडालेल्या उत्पन्नासाठी मागच्या ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि २-३ गिऱ्हाइकांची शपथपत्रं. वेदना आणि त्रासाची रक्कम वेगळी दाखवा. उगाच ५० लाख लिहू नका, त्याने खरे आकडेही हलके वाटतात.

अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावरच घ्या. पायाचं ३० टक्के म्हणजे शरीराचं ३० टक्के नव्हे. त्या अपंगत्वाने कमाई किती घटली ते बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये मोटार अपघाताच्या निकालात सांगितलंय. म्हणून 'ओट्यापाशी सलग किती वेळ उभी राहू शकते' हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कसबा_पेठ
जरा विषयांतर: मॉलऐवजी महापालिकेचा फुटपाथ असता तर?

दिवाणी_फौजदारी
तिथे मुदत फार कमी. दाव्याआधी १ महिन्याची लेखी नोटीस आणि ६ महिन्यांच्या आत दावा, असं महापालिका कायद्यात आहे. खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५चा आदेश वाचा: मृत्यूसाठी ६ लाख, इजेसाठी ५०,००० ते अडीच लाख.

वारजेकर
ईमेल आत्ता पाठवला, स्पीड पोस्ट उद्या सकाळी. वकिलाची फी मात्र झेपणार नाही.

दिवाणी_फौजदारी
शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आईच्या नावाने अर्ज करा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आधार, डिस्चार्ज कार्ड, जेवणाची पावती आणि ईमेलची प्रत सोबत न्या.