मे महिन्यातलं रिसेप्शन, ४०० पाहुणे: मठ्ठ्यापासून बारपर्यंत हिशेब कसा लावायचा?

तापीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावबाहेर हायवेलगतच्या लॉनवर रिसेप्शन आहे. वेळ संध्याकाळी ७ ते ११, पाहुणे साधारण ४००. जेवणात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलेबी. मुलीकडचे बरेच जण माळकरी आहेत, त्यामुळे लॉनवर दारूचा विषय नाही. पण मुलाच्या मित्रमंडळींसाठी आणि सुरतेकडच्या पाहुण्यांसाठी शेजारच्या बंद हॉलमध्ये ६० जणांची वेगळी सोय करायची, असं घरात ठरलंय. काही जण चोपडा, शिरपूर, धुळ्याहून स्वतःच्या गाडीने येणार.

मला आकडे हवेत. पाणी किती, मठ्ठा किती, बाटल्या किती, परवाना कुठला. आणि कोणी झेपेल त्यापेक्षा जास्त घेऊन गाडीवर बसू नये, यासाठी नेमकं काय करायचं?

बट्टीवाला

आधी पाण्याचं बोला भाऊ. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी सातलाही लॉनची फरशी तापलेली असते. हिवाळ्यात माणशी पाऊण लिटर पुरतं, मे महिन्यात दीड लिटर धरा. ४०० माणसांना ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३० जार. वर ५ जार वाढपी, बँडवाले आणि ड्रायव्हर यांच्यासाठी. सगळे जार एका कोपऱ्यात रचू नका. स्टेजजवळ, जेवणाच्या रांगेच्या सुरुवातीला आणि पार्किंगच्या तोंडाशी अशी तीन ठिकाणं करा. पार्किंगचं ठिकाण हमखास विसरलं जातं. प्लॅस्टिकच्या ग्लासांवर बंदी आहे, तेव्हा स्टीलचे ग्लास आणि ते विसळायला दोन बाया वेगळ्या सांगा.

मठ्ठा माणशी ३०० मिली, म्हणजे १२० लिटर. त्याला ४० किलो दही, ६० लिटर पाणी आणि २० किलो खायचा बर्फ. मीठ ७०० ते ८०० ग्रॅम, त्यातलं पाव हिस्सा काळं. भाजलेल्या जिऱ्याची पूड २५० ग्रॅम, आलं पाऊण किलो, हिरवी मिरची पाव किलो, कोथिंबीर दोन किलो. मठ्ठा बिघडतो तो दोन कारणांनी. सकाळी घुसळून ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबून घशाला लागतो. म्हणून दही बर्फात ठेवा आणि घुसळणं सहानंतर. दुसरं म्हणजे बर्फ वितळून तो पाणचट होतो. म्हणून वरच्या मापातलं १५ लिटर पाणी सुरुवातीला घालूच नका, बर्फ विरला की चव घेऊन मग वाढवा. भांडं स्टीलचंच हवं. आंबट ताक पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात राहिलं की कळकतं.

स्वागताला पन्हं ठेवा. एक किलो कैरीतून साधारण ६०० ग्रॅम गर निघतो. त्याला ७०० ग्रॅम गूळ आणि पाणी घालून चार लिटर करायचं, त्यात १५० मिलीचे २६ ग्लास बसतात. ४०० ग्लासांना १५-१६ किलो कैरी, ११ किलो गूळ. गर आदल्या रात्री काढून थंडीत ठेवला तरी चालतो, पाणी मात्र वेळेवर घाला. उसाचा रस हवा असेल तर चरकच लॉनवर बोलवा. काढून ठेवलेला रस तासाभरात काळा पडतो आणि मग कोणी हात लावत नाही.

एक गोष्ट बर्फाची. कारखान्यातली निळसर झाक असलेली लादी खायची नसते, ती झाक मुद्दाम दिलेली असते. ती फक्त बाटल्या गार करायला. मठ्ठ्यात किंवा ग्लासात जाणारा बर्फ वेगळ्या पिशवीत, वेगळ्या माणसाच्या ताब्यात.

कागदपत्र_धुळे

बारचं ठरवण्याआधी परवाना. खासगी समारंभ असला, हॉल बंद असला, तरी परवान्याशिवाय दारू देता येत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, त्याला एफएल-४अ म्हणतात. अर्ज ऑनलाईन. ओळखपत्र, जागामालकाचं संमतीपत्र, तारीख-वेळ असं लागतं. शुल्क अर्ज करतानाच दिसतं. आठ-दहा दिवस आधी करा, आदल्या दिवशी धावपळ नको. लॉनवाला 'आमच्याकडे चालतं, काही होत नाही' म्हणाला तर त्याचं ऐकू नका, कारण पंचनाम्यात नाव तुमचं येणार.

माल महाराष्ट्रातल्या परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिलं हॉलमध्ये ठेवा. शिरपूरकडचे सेंधव्याहून आणि रावेरकडचे बुऱ्हाणपूरहून स्वस्त पेट्या आणायचा सल्ला देतील. मध्य प्रदेशात विक्रीसाठी असलेली बाटली इथे सापडली की माल जप्त आणि गुन्हा दाखल. शिवाय अशा फिरत्या मालात बनावट माल मिसळलेला असू शकतो. मिथेनॉल असलेल्या दारूने डोळे जातात, जीवही जातो, आणि ते चवीवरून ओळखता येत नाही.

वय: व्हिस्की, रम, व्होडकाला २५ पूर्ण, बिअर-वाईनला २१. मुलाच्या मित्रांमध्ये २२-२३ चे बरेच असणार. तिथे वाढप्याने वाद घालत बसायचं नाही. दारावरच घरातला एक जाणता माणूस हवा. ड्राय डे बघा. तारखेच्या आसपास एखादी निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री आणि वाटप बंद असतं, परवाना हातात असला तरी.

हे सगळं जड वाटत असेल तर सोपा मार्ग आहे. परमिट रूम असलेल्या हॉटेलात त्या ६० जणांची वेगळी बैठक ठेवा. परवाना त्यांचा, वाढपी त्यांचे, आणि माळकरी मंडळींसमोर अवघडल्यासारखंही होत नाही.

तीस_एमएल

हॉटेलचा पर्याय चांगला आहे, पण मग पोरं रिसेप्शनला येतच नाहीत, हेही लक्षात घ्या. आणि दारू ठेवलीच नाही तर ती पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून निघते, कोरडी, उपाशीपोटी, मापाशिवाय. त्यापेक्षा मोजून देणारा काउंटर बरा.

गडबड होते ती टेबलावर बाटली ठेवल्याने. माणूस स्वतः ओततो तेव्हा ३० मिलीचे ५० होतात, आणि आग्रह करणारा शेजारी असला की ७०. म्हणून बाटली टेबलावर जाणार नाही, हा पहिला नियम. काउंटर एकच, वाढपी दोन, दोघांच्या हातात ३०-६० चं स्टीलचं माप. वरातीतून आलेला माणूस सरळ लार्ज, म्हणजे ६० मिली मागतो. त्याला आधी पाण्याचा ग्लास द्यायचा, मग स्मॉल, म्हणजे ३० मिली.

वेळ ७.३० ते ९.४५. पावणेदहाला काउंटर बंद आणि जेवण सुरू. 'शेवटचा' म्हणून आरोळी द्यायची नाही. ती ऐकली की प्रत्येक जण दोन-दोन मागून घेतो. गुपचूप सोड्याच्या बाटल्या आवरायला लागायचं.

हिशेब असा. सव्वादोन तासांना माणशी तीन स्मॉल. ६० पैकी ३५ जण व्हिस्की-रम घेतील असं धरा: १०५ पेग, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आत. ७५० च्या बाटलीत २५ स्मॉल बसतात, तेव्हा सांडलवंड धरून सहा बाटल्या पुष्कळ झाल्या. लोक इतक्या माणसांना १५-१८ घेतात आणि मग 'उरल्यात, संपवा' सुरू होतं. २० जण बिअर घेतील: ३३० मिलीच्या ६० बाटल्या. ६५० ची घेऊ नका, आणि स्ट्राँग तर नकोच. आकडा बघा. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये २५ ग्रॅमच्या वर, म्हणजे अडीच स्मॉल. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ४१ ग्रॅम, चार स्मॉलच्या बरोबरीचं. 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणारा माणूस बऱ्याचदा चार पेग घेऊन उभा असतो. उरलेले पाच न पिणारे असतात, त्यांना तिथेच पन्हं आणि लिंबूसोडा द्या, म्हणजे कोणी हातात ग्लास कोंबत नाही.

६० बाटल्या गार करायला कागदावर दहा किलो बर्फ पुरतो, पण टबला झाकण नसतं आणि हवा चाळीसची, तेव्हा २५ किलो धरा. टबमध्ये बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ घाला. नुसत्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली तासभर कोमट राहते. पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात गार. ग्लासात घालायला खायचा बर्फ वेगळा, २० किलो. अर्ध्या लिटरच्या सोड्याच्या २० बाटल्या आणि पाण्याचे ४ जार हॉलमध्येच.

चकण्यात खारे शेंगदाणे आणि शेव एवढंच ठेवलं तर तहान वाढते आणि तहान दारूवर भागवली जाते. उकडलेली अंडी, पनीर, काकडी, भरीत आणि लहान बट्ट्या तुपात बुडवून ठेवा. पोटात तेल-तूप आणि पीठ असलं की दारू हळू चढते. शाकाहारी टेबलाला अंडी नकोत, ते वेगळं सांगायला नको.

तापीकाठ

हाई गोट खरी शे, टेबलावरच्या बाटलीचं. दोन शंका. चोपड्याचा पाहुणा म्हणेल, दोन पेग घेतले, तासाभराने निघतो, गाडी चालते. ते ठीक का? आणि उरलेल्या बाटल्या सुरतवाल्यांना दिल्या तर?

कागदपत्र_धुळे

दुसऱ्याचं आधी: अजिबात नाही. गुजरातेत दारूबंदी आहे. नवापूर ओलांडलं की बंद बाटलीसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा. सुरतच्या गाड्यांच्या डिकीत काही जाणार नाही, हे पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगा. सील न फोडलेला माल दुकानदार परत घेईल का, हे खरेदी करतानाच विचारून ठेवा.

तीस_एमएल

पहिल्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५,००० दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता ६५ किलोच्या पुरुषाने दोन स्मॉल घेतले की ढोबळमानाने ४५ पर्यंत जातं, आणि दर तासाला १५ च्या आसपास उतरतं. म्हणजे तासाभराने तो नेमका रेषेवर. तीन घेतले तर दोन तासांनीही ३८. बायकांना आणि हलक्या वजनाच्या माणसांना तर एका पेगमध्येच ३० गाठतं. हे अंदाज आहेत, माणसागणिक बदलतात, म्हणून रेषेजवळ खेळायचंच नाही. चालवणाऱ्याला शून्य. काळी कॉफी, लिंबूपाणी, डोक्यावर गार पाणी यांनी माणूस जागा होतो, रक्तातलं काही उतरत नाही.

करायचं असं: हॉलच्या दारावर दोन रंगांचे रिबीन बँड. लाल बँड म्हणजे गाडी चालवणारा, त्याला मठ्ठा आणि पन्हं. ज्याला प्यायचं आहे त्याने किल्ली दारावर द्यायची, नाव आणि गाडीनंबराची चिठ्ठी लावून. सकाळी परत. हे पत्रिकेसोबतच्या मेसेजमध्येच कळवा, दारावर पहिल्यांदा ऐकलं की लोक रुसतात. दहा-बारा जणांच्या मुक्कामासाठी गाद्या टाकून ठेवा. चोपडा आणि धुळे या दोन दिशांना एकेक क्रूझर (भाड्याची जीप) सांगा, ११.१५ ला सुटणारी.

बट्टीवाला

त्यात भर. भाड्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हरना लवकर जेवायला घाला, साडेआठला, पंगतीच्या शेवटी नाही. आणि 'खुशी' म्हणून कोणी त्यांच्या हातात बाटली देत नाही ना, त्यावर एक माणूस लक्ष ठेवू दे. खुशी पैशात द्या. क्रूझर सांगून उपयोग काय, ड्रायव्हरच झिंगला तर.

ओआरएस

दवाखान्याच्या बाजूने थोडं. मे महिन्यात कोणी लॉनवर कोसळला की 'जास्त झाली' म्हणून खुर्चीवर बसवून ठेवतात. अंग भाजल्यासारखं गरम आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघातही असू शकतो, त्याने दारूचा थेंबही घेतला नसला तरी. सावलीत किंवा एसी हॉलमध्ये न्या, ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि मानेला बर्फ, आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या काकांनी उपाशीपोटी दारू घेतली तर साखर उतरते. घाम, थरथर, बरळणं, बघणाऱ्याला ते पिण्याचंच वाटतं. गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दारू टाळावीच.

दारूने बेशुद्ध पडलेल्याला उताणा झोपवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. बोटं घालून ओकारी काढू नका. हाक मारून, चिमटा काढूनही डोळे उघडत नसतील, श्वास अडखळत असेल, तर 'झोपू द्या, उतरेल' म्हणू नका, लगेच १०८. हॉलमध्ये ओआरएसची २० पाकिटं, साखर, दोन जुन्या चादरी आणि ग्लुकोमीटर असू दे. हे सगळं काउंटरखालच्या एकाच खोक्यात, आणि ते कुठे आहे हे दोन्ही वाढप्यांना माहीत हवं.