सोळा वर्षांच्या मुलाला मानसोपचार वॉर्डात ठेवावं का?

कट्टेकरी: पुण्यात क्लाससाठी खोली करून राहणारी मुलं भरपूर. एखाद्याच्या तोंडून जीव द्यायची भाषा आली की घरचे थेट 'ॲडमिट करा' म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ८७ वाचा. १८ च्या आतल्या मुलाला दोन जणांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तेही दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत. बाहेरचे उपाय थकलेत किंवा लागू नाहीत, असं दोघांचंही मत हवं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात खाटा आहेत म्हणून भागत नाही, मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं.

नदीपात्र: 'शेवटचा उपाय' म्हणत बसलं की उशीर होतो. अन्न टाकून हाडांचा सापळा झालेली मुलगी ओपीडीत कशी सांभाळणार? अशा पोटात एकदम जेवण गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. आधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व), मग थोडं थोडं अन्न आणि सुरुवातीला रोज रक्ततपासणी. अचानक भ्रम सुरू झालेल्या मुलातही मेंदूला सूज नाही ना, हे आधी बघावं लागतं.

कट्टेकरी: ही उदाहरणं मान्य. पण बहुतेकांना नैराश्य असतं. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मुक्काम आठ-दहा दिवसांचा. मग वॉर्डात बरं काय होतं?

नदीपात्र: बरं होत नाही, वेळ मिळतो. मनात बेत पक्का आहे आणि घरी दिवसभर कुणी नाही, अशा मुलाला तेवढा वेळच हवा असतो.

पेठेतली: दोघंही घरी सोडल्यानंतरचं विसरताय. सगळ्यात धोक्याचे दिवस तेच. डिस्चार्ज कार्डावर आठवड्याच्या आतली तारीख लिहून घ्या, 'गरज पडल्यास या' चालवून घेऊ नका. गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा, त्याही पालकांच्या कुलपात. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. आणि मुलासोबत पालकानं किंवा नेमलेल्या सोबत्यानं पूर्णवेळ राहायचं असतं. मुलगी असेल आणि पालक वडील असतील, तर बाईमाणूस लागतं. नोकरदार घरात दाखल करणं इथेच अडतं, कायद्यात नाही.

कट्टेकरी: शिवाय विमा खाटेचे पैसे देतो, दर आठवड्याच्या समुपदेशनाचे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. म्हणून तर लोक दाखल करा म्हणतात!