मदत हवी आहे: नवरा तोच प्रश्न परत परत विचारतो, उत्तर द्यायचं की नाही?

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. नवऱ्याला विचारूनच लिहितेय. "लिही, नाव तेवढं टाकू नको" म्हणाला.

आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेत राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन जॉब तपासायचे, हाच धंदा. गंमत म्हणजे तिथे त्याला काही त्रास होत नाही. एकदा मापलं की मापलं.

त्रास होतो तो येता-जाता. उजळाईवाडी, शाहू नाका, सायबर चौक हा रोजचा रस्ता. गाडी खड्ड्यात आदळली किंवा स्पीडब्रेकरवरून जरा जोरात गेली की डोक्यात येतं, आपण कुणाला तरी उडवलं. आरशात बघतो, कुणी पडलेलं नसतं. तरी पुढून वळून परत त्या जागी जातो. तिथून निघाला की, आता वळताना कुणाला धक्का लागला नसेल कशावरून? अर्ध्या तासाचा रस्ता, पण आठला सुटलेला माणूस कधीकधी दहाला घरी येतो.

खाली गाडी लावली की मोबाईलच्या टॉर्चने पुढचं मडगार्ड बघतो. नुसतं बघत नाही, बोटं फिरवतो, बोटं टॉर्चखाली धरतो. मग वर येऊन बूट काढायच्या आधी मला, "शाहू नाक्याला काहीतरी लागल्यासारखं झालं. कुणी नसेल ना गं?" मी म्हणते, "अहो, खड्डा असेल." तेवढ्यापुरता चेहरा सुटतो. हातपाय धुऊन येईपर्यंत परत, "पण तुला कसं कळलं? तू कुठं होतीस तिथं?"

सकाळी पेपर आला की आधी जिल्ह्याचं पान. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' एवढे शब्द दिसले की संपलं. ठिकाण, वेळ, गाडीचा रंग, सगळं जुळवत बसतो. एकदा बातमी पन्हाळा रोडची होती. त्या बाजूला तो महिनाभर फिरकलाही नव्हता, तरी सकाळचा डबा तसाच परत आला.

गणपतीच्या सुमारास हेल्मेटला लावायचा कॅमेरा घेतला. म्हटलं, पुरावाच असल्यावर शंका कशाला राहील? आता रात्री जेवण झालं की रेकॉर्डिंग बघत बसतो, आणि जिथे चित्र हललंय तिथे नवीन प्रश्न: "या दोन सेकंदात काय झालं?"

गॅस, कडी, गीझर हेही आहे, पण ते आता सवयीचं झालंय, त्यावर लिहीत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ओसीडी म्हणाले, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तेच तेच तपासत राहणं, हा आजार. संक्रांतीपासून त्यावरची सर्ट्रालिन ही गोळी चालू आहे. झोप सुधारली, बाकी फारसा फरक नाही. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "घरच्यांनी 'काही झालं नाही' असं सांगत बसायचं नाही." बाहेर पेशंटची ही रांग, त्यामुळे सांगायचं नाही तर मग करायचं काय, ते राहूनच गेलं. मी दोन-चार वेळा गप्प राहिले. तो पांढराफटक पडला आणि रात्री अकराला किल्ली घेऊन परत शाहू नाक्याला निघाला. सासूबाई माझ्यावरच घसरल्या, "पोरगं घाबराघुबरं झालंय आणि तुझ्या तोंडातून एक शब्द निघत नाही?" त्यांच्या मते हे बाहेरचं काहीतरी आहे. दर रविवारी जोतिबाला घेऊन जातात. मी अडवत नाही, येताना तो शांत असतो.

धागा काढायचं कारण वेगळंच. परवा मी स्वयंपाकघरात होते. तो आत आला, तोंड उघडायच्या आधीच मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, कुणाला लागलं नाही. जेवायला बसा."

तर उत्तर द्यायचं नाही हे नेमकं कसं करायचं? सासूबाईंना काय सांगायचं? आणि मुलीला यातून बाहेर कसं काढायचं? शिवाय यासाठीची थेरपी कोल्हापुरात किंवा मराठीतून ऑनलाइन मिळते का?

प्रतिसाद: निवांत

रिकामं डोकं सैतानाचं घर. मन गुंतवून ठेवायला सांगा. वाईट विचार आला की लगेच ढकलून द्यायचा, चांगला विचार आणायचा. रोज पहाटे रंकाळ्याला चालायला पाठवा. गोळ्यांच्या नादी फार लागू नका.

प्रतिसाद: विळी

निवांत, रंकाळ्याला चालणं कुणालाही चांगलंच, पण बाकीच्याशी मी सहमत नाही. ढकलून दिल्याने तो विचार दुप्पट जोराने येतो. १९८७ साली डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, डोक्यात अस्वलच अस्वल. आणि गोळ्या बंद करायला सांगणारे सल्ले कृपया धाग्यावर नकोत.

ताई, मी इचलकरंजीची. माझा आयडी असा का, ते सांगते. मुलगा दीड महिन्याचा असताना भाजी चिरताना मनात आलं, ही विळी आपण बाळाला मारली तर? हातपाय गार पडले. मग विळी माळ्यावर, सुऱ्या शेजारणीकडे, भाजी चिरलेली विकत. बाळाला एकटीने आंघोळ घालेना. आणि दिवसभर नवऱ्याला, "मी असं करणार नाही ना हो?" तो बिचारा शंभरदा "नाही" म्हणायचा. प्रत्येक 'नाही' पाच मिनिटं पुरायचा, मग तीन, मग पुरेचना. खाज सुटल्यावर खाजवावं तसं. खाजवताना बरं वाटतं, पण खाज त्यानेच वाढते.

मला सगळ्यात आधी सुटका वाटली ती डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितल्यावर. असले विचार जवळजवळ सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की आजार नसलेल्या बहुतेक माणसांच्या डोक्यातही असेच विचित्र, हिंसक, घाणेरडे विचार येऊन जातात. त्यांच्याकडून ते निघून जातात. आपण त्यांना बसायला पाट देतो, "तू आलास म्हणजे मी तशीच असणार" म्हणून चौकशी लावतो. तुमचे यजमान शॉपमध्ये एकदा मापून मोकळे होतात याचं मला नवल वाटत नाही. ओसीडी माणसाला जे सगळ्यात नको असतं तिथेच चावतो. भित्र्या, पापभीरू, दुसऱ्याच्या जिवाला जपणाऱ्या माणसाला 'तू कुणाला तरी मारलंस' म्हणतो.

आता 'कसं' ते. अचानक गप्प बसणं जमत नाही, समोरच्याला ती शिक्षा वाटते. आमच्याकडे असं झालं: मी शांत असताना, रविवारी दुपारी, दोघांनी मिळून एक वाक्य ठरवलं. शब्द मी निवडले, त्याने नाही, हे महत्त्वाचं. मी विचारलं की तो म्हणायचा, "हा प्रश्न आजार विचारतोय. आपलं ठरलंय ना, त्याला उत्तर नाही. पण मी इथेच आहे, बस माझ्याजवळ." आणि खरंच बसायचा. उत्तर नाही, पण माणूस आहे. सुरुवातीला फक्त संध्याकाळच्या प्रश्नांना हा नियम, दिवसा सूट. पहिले काही दिवस भांडणं झाली, मी ताट ढकलून उठलेसुद्धा. मग एके दिवशी लक्षात आलं की न विचारताच भीती उतरली. आपोआप. तोवर मला वाटायचं, उत्तर मिळालं नाही तर ती चढतच जाईल.

आता विळी वापरते. विचार अजून येतो कधीकधी. येऊ दे.

प्रतिसाद: ओपीडीबाहेर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. धाग्यावर उपचार देता येत नाहीत, तरी ढोबळ माहिती देतो.

विळी यांनी सांगितलं त्याचंच नाव ईआरपी. भीती वाटते ती गोष्ट करायची, आणि त्यानंतरची तपासणी, माफी, विचारपूस करायची नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये याची सुरुवात केली. आज ओसीडीवरच्या मानसोपचारांत हीच पहिली पसंती. फक्त गप्पा मारून 'मन मोकळं करणारं' समुपदेशन यात पुरत नाही. उलट काही समुपदेशक न कळत तेच करतात जे घरचे करतात, दर आठवड्याला फी घेऊन धीर देतात. म्हणून थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा: तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का?

गोळीबद्दल: ओसीडीला डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि पुरेशा डोसवर दहा-बारा आठवडे गेल्याशिवाय उपयोग नाही असं म्हणता येत नाही. संक्रांतीपासून फरक फक्त झोपेत आहे, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. येल-ब्राउन नावाची १० प्रश्नांची, ४० गुणांची मोजपट्टी असते, तिच्यावर आकडा काढून घ्या. यजमान क्वालिटीचे आहेत, आकडा त्यांना पटेल. स्वतःहून गोळी कमी-जास्त किंवा एकदम बंद करायची नाही.

कॅमेरा, पेपर, टॉर्च, मागे वळणं आणि तुम्हाला विचारणं ही पाच वेगवेगळी कामं दिसतात, पण पाचही एकच काम करतात. त्यांची उतरंड लावायची, सगळ्यात सोपं आधी. कुठलं सोपं ते त्यांनीच ठरवायचं. आणि ध्येय 'मी कुणाला धडकलो नाही याची खात्री' हे नाही. ती खात्री तुम्हाआम्हालाही नसते. आपण तिच्याशिवाय घरी येऊन जेवतो. त्यांनाही तेच शिकायचंय: "धडकलो असेन, नसेनही. मी आता वळणार नाही."

जोतिबाबद्दल जपून विचारतो. ते दर्शनाला जातात, की 'कुणी मेलं असेल तर माफ कर' म्हणायला? पहिलं असेल तर खुशाल जाऊ द्या. दुसरं असेल तर तीही तपासणीच आहे, फक्त डोंगरावर जाऊन केलेली. रविवार चुकला तर काय होतं, यावरून कळेल.

मुलीला खोटं सांगू नका. "बाबांना एक आजार आहे, त्यात डोकं खोटी भीती दाखवतं. डॉक्टर बघतायत. बाबांना उत्तर देणं हे तुझं काम नाही" एवढं नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. हे तिला बाबांनी स्वतः सांगितलं तर उत्तम.

प्रतिसाद: केएमटी पास

सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, सकाळी लवकर जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलतात. रात्री अकराला किल्ली घेऊन निघाले तेव्हा तुम्हीसुद्धा तिथे फोन करू शकता, पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कधी निघाली तर मात्र फोनवर थांबू नका, थेट दवाखाना. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे, इथे जमलंच नाही तर तोही मार्ग आहे.

सासूबाईंबद्दल: माझ्या आईला मी आजाराचं नाव सांगतच बसलो नाही. डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. सुनेचं न ऐकणारी माणसं डॉक्टरांचं ऐकतात. पाच मिनिटांत जे झालं ते मला वर्षभर जमलं नव्हतं.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विळी, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. "बाळाचं असं मनात येऊनसुद्धा ही बाई एवढी शहाणी लिहिते?" म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही, पण त्या रात्री कॅमेरा लावला नाही.

पेपर सगळ्यात सोपा, असं त्याने ठरवलंय. उद्यापासून जिल्ह्याचं पान सासरे आधी काढून घेणार होते. पण ओपीडीबाहेर यांचं वाचून वाटलं, पान लपवणं हीसुद्धा पळवाटच की. तेव्हा पेपर समोर असेल, बातमी दिसली तरी जुळवायची नाही. वाक्यही ठरलं. त्याला 'आजार' शब्द नको होता, "हा नाक्यावरचा प्रश्न आहे" असं म्हणायचं ठरलंय. जोतिबाचं विचारलं, तर मान खाली घातली. म्हणजे दुसरंच. ते शेवटच्या पायरीवर ठेवलंय, सासूबाईंना आत्ता दुखवायचं नाही. त्या पुढच्या वेळी डॉक्टरांकडे यायला तयार आहेत, "माझ्याही गुडघ्याचं विचारते" म्हणून. चालेल.

एक अडचण. ऑनलाइन घ्यायचं ठरलं तर आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो बोलणार कुठे? सासऱ्यांचा टीव्ही बाहेरच्या खोलीत, मुलीचा अभ्यास आतल्या.

प्रतिसाद: ओपीडीबाहेर

ही अडचण खूप जणांची असते. माझे काही पेशंट गच्चीवरून बोलतात, एक जण देवळाच्या मागच्या पारावरून. आणि तुमच्या बाबतीत निम्मं काम घरात नाहीच, रस्त्यावर आहे. पहिल्या एक-दोन भेटी शक्यतो समोरासमोर घ्या. नंतर ड्युटी सुटल्यावर शाहू नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला लावून थेरपिस्टशी बोलायचं, फोन खिशात टाकायचा आणि तेवढा पट्टा न वळता पार करायचा. घरी आल्यावर टॉर्च काढायचा नाही हे ओघाने आलंच. आमच्याकडच्या दोन ईआरपीवाल्यांचे नंबर व्यनि (खासगी निरोप) केलेत, दोघंही मराठीतून बोलतात.