साताऱ्याला बागेची अक्कल नव्हती म्हणे!

लिंबफाट्याचा: काल एकानं इंग्लंडच्या ब्लेनहाइम राजवाड्याच्या उद्यानाचे फोटो टाकून खाली लिहिलं, ‘याला म्हणतात दृष्टी. आपल्या राजवाड्यापुढं काय, तर चौपाटीच्या गाड्या.’ अहो, तिथं बागा आखणाऱ्या ब्राउननं 1760च्या दशकात ग्लाइम नदी अडवून तळं केलं, तर आधीच्या पुलाच्या खालच्या खोल्याच पाण्यात गेल्या. कशासाठी? देखाव्यासाठी! साताऱ्याजवळच्या आमच्या लिंब गावात छत्रपती शाहूंच्या घरातल्या विरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात विहीर बांधून घेतली, लोक जिला बारा मोटेची विहीर म्हणतात ती, 3300 आंब्यांच्या आमराईसाठी. शिवाय विहिरीच्या पोटातच महाल. पाणी, झाड, राजाची बैठक एकाच जागी. ही दृष्टी नव्हे?

शाहूपुरी४१५: तो ‘एकानं’ मीच. विहीर म्हणजे बाग नव्हे. आमराई उत्पन्नाची. ब्राउननं तळं, गवत, झाडांचे पुंजके असे मांडले की माणसानं केलंय हे कळूच नये. आणि तुमची बारा मोटांची…

मोजून_आलेला: बारा नाही, पंधरा! मोटेच्या जागा स्वतः मोजल्यात.

धावेवरचा_बैल: पंधरा मोटा म्हणजे तीस बैल. एकदम चालवायला धावा, बैलांनी ओढत जायच्या उतरत्या वाटा, कुठं होत्या ते सांगा. माझा आजा मोट हाकायचा, बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची चामड्याची पिशवी. एकदा भरली मोट वर आली, थारोळ्याला, म्हणजे पाणी ओतायच्या कुंडाला, टेकणार तोच नाडा तुटला. मोट खाली, बैल तोंडावर, आजाचे दोन दात गेले. मोजून आलेत म्हणे!

मोजून_आलेला: एकदम चालायच्या असं कोण म्हणालं? जागा पंधरा आहेत म्हणालो. दातांचा काय संबंध?

धावेवरचा_बैल: संबंध दातांचाच. ज्यानं नाडा धरला नाही त्यानं मोटेवर बोलू नये.

कोडोलीची_ताई: भांडा निवांत. मागच्या रविवारी म्हाताऱ्या सासूला विहीर दाखवायला नेलं, तर पायरीवर नवरी झोपलेली, डोक्यावर ड्रोन. पाऊण तास उन्हात उभ्या होतो. ‘काकू, फ्रेममधून बाजूला व्हा!’

शाहूपुरी४१५: ताई, तेवढ्यावर आपलं जमलं. बरं, तो महाल भर मे महिन्यात गार असतो, बसलोय मी तिथं. एवढं मान्य, खूश? पण ब्लेनहाइमचं तळं अजून जागेवर आहे. तुमचे 3300 आंबे दाखवा की!

लिंबफाट्याचा: …

धावेवरचा_बैल: त्याला कशाला छळता. आमच्या बांधावरचे दोन आंबे चुलत्यानं तोडले. उसावर सावली पडत होती.