उत्तर: शब्दाच्या दरानं लिहिणारे

कुणी म्हणतं, रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळांची) पुस्तकं कंपनीतलेच लोक लिहितात. तसं नाही हो. बरंचसं लिखाण बाहेरच्या लेखकांकडून शब्दाच्या दरानं करून घेतात. आमच्या बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या मजुरीच्या मागासारखंच: सूत मालकाचं, मजुरी नगावर, साडी मालकाची. बहुतेक करारांत लिखाणाचे हक्क कंपनीकडेच. पुस्तक कितीही खपू दे, लेखकाला ठरले तेवढेच पैसे.

खरं हे लेखक अगदीच गरीब गाय नव्हेत बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायझो या असे गेम काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नोकरदारांनी युनियन काढली, तेव्हा बाहेरच्या कित्येक लेखकांनी युनियनला मान्यता मिळावी म्हणून लिखाण थांबवून धरलं. स्वतःला सभासद होता येत नसताना! आठवड्याभरात कंपनीनं युनियनला मान्यता दिली. मागवाल्यांत अशी एकी मी तरी पाहिली नाही.